५१ पेगासी बी : सूर्यासारख्या ताऱ्याचा पहिला महाकाय ग्रह इतक्या उशिरा का सापडला?

नभांगण

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडल्याची घोषणा ६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाली. जिनिव्हा वेधशाळेचे मिशेल मायोर आणि त्या वेळी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करणारे दिदिए केलो यांनी दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या 'एलोदी' या वर्णपटमापकातून महाश्व तारकासमूहातील ५१ पेगासी या ताऱ्याचे वेध घेतले होते. सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा सेकंदाला ५६ मीटरच्या आसपास वेगाने कधी आपल्याकडे, तर कधी आपल्यापासून दूर सरकतो आणि हे आवर्तन ४.२३ दिवसांत पूर्ण होते, असे त्यांना आढळले. गुरूच्या निदान ०.४७ पट वस्तुमानाचा ग्रह (हाच ५१ पेगासी बी) ताऱ्यापासून अवघ्या ७८ लाख किलोमीटरवर फिरत असेल, तरच हे आकडे जुळतात. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सभागृहात बसलेल्या अभ्यासकांना काय वाटले असेल याची कल्पना येते.

माझा प्रश्न वेगळा आहे. इतक्या जवळून फिरणारा महाकाय ग्रह शोधायला सर्वांत सोपा असतो, कारण तो ताऱ्याला जोरात ओढतो आणि त्याची फेरी काही दिवसांत पुरी होते. १९५२ सालीच ऑटो स्ट्रूव यांनी एका छोट्या लेखात लिहून ठेवले होते की महाकाय ग्रह ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या पन्नासाव्या भागाइतका जवळ असण्यास कोणतीही सबळ आडकाठी दिसत नाही, त्याचे वर्ष जेमतेम एका दिवसाचे असेल आणि तो ताऱ्याच्या वेगातील बदलांवरून, तसेच ताऱ्यासमोरून जाताना अडवलेल्या प्रकाशावरूनही ओळखता येईल. दोन्ही पद्धती पुढे यशस्वी झाल्या. मग मधली ४३ वर्षे कुठे गेली?

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या सूर्यमालेत गुरूला एका फेरीस जवळपास १२ वर्षे लागतात, म्हणून सर्वांनी १२ वर्षांच्या ग्रहाचीच वाट पाहिली. अडसर उपकरणांचा कमी आणि अपेक्षेचा अधिक होता. जाणकारांनी यावर लिहावे. मतभेद असतील तर ते विशेष आवडतील.

सह्यकडा

विषय फार आवडला. मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक शंका. सेकंदाला ५६ मीटर म्हणजे ताशी २०० किलोमीटर, म्हणजे वेगवान रेल्वेगाडीचा वेग. पन्नास प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा हा वेग कसा मोजतात, हे कोणी समजावून सांगेल का?

लीलावती

सह्यकडा, ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पसरला की त्यात हजारो काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या वातावरणातील लोह, कॅल्शियम, सोडियम यांसारख्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे त्या उमटतात. तारा आपल्याकडे येऊ लागला की सर्व रेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात, दूर जाऊ लागला की तांबड्या बाजूला. ५६ मीटर वेगासाठी ही सरक तरंगलांबीच्या एक कोटीतील दोन भागांइतकी असते. एका रेषेवरून ती मोजणे अशक्यप्राय आहे, म्हणून सर्व रेषांचा एकत्रित हिशेब संगणक करतो.

खरी अडचण उपकरणाची स्वतःची हालचाल ही असते. तापमान जरासे बदलले किंवा हवेचा दाब बदलला, तरी वर्णपट सरकतो, आणि ही सरक ग्रहामुळे होणाऱ्या सरकेपेक्षा मोठी असू शकते. 'एलोदी'त एका प्रकाशतंतूतून ताऱ्याचा प्रकाश आणि दुसऱ्या तंतूतून थोरियमच्या दिव्याचा प्रकाश एकाच वेळी आत घेतला जाई. दिव्याच्या रेषा कुठे असाव्यात हे पक्के ठाऊक असल्यामुळे उपकरण किती हलले ते त्याच क्षणी कळत असे. यामुळे अचूकता सेकंदाला १३ मीटरपर्यंत आली. तुलनेसाठी सांगते: आपला गुरू सूर्याला सेकंदाला साधारण १२.५ मीटर वेगाने हलवतो आणि पृथ्वी केवळ ९ सेंटिमीटर वेगाने.

यावरूनच नभांगण यांच्याशी माझा पहिला मतभेद नोंदवते. मायोर यांचे आधीचे उपकरण 'कोराव्हेल' १९७७ पासून काम करीत होते, पण त्याची अचूकता सेकंदाला काहीशे मीटर इतकीच होती. त्यातून ५१ पेगासीचा ग्रह कितीही अपेक्षा ठेवली असती तरी दिसला नसता. उपकरणांचा अडसर खरा होता.

ध्रुवमत्स्य

शीर्षकातील 'पहिला' या शब्दाविषयी थोडेसे. अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांनी १९९२ मध्येच एका पल्सारभोवती, म्हणजे मृत ताऱ्याच्या वेगाने फिरणाऱ्या अवशेषाभोवती, ग्रह शोधले होते. नभांगण यांनी 'सूर्यासारख्या ताऱ्याचा' असे म्हटले आहे, त्यामुळे विधान बरोबर आहे. परंतु सूर्यमालेबाहेरील ग्रहांचा इतिहास १९९५ मध्ये सुरू झाला, असा समज वाचकांचा होऊ नये.

गणितप्रेमी

मूळ विधानाला माझा विरोध आहे आणि तो आकड्यांच्या आधारे आहे.

कॅनडाचे गॉर्डन वॉकर आणि ब्रूस कॅम्बेल यांनी हवाई बेटांवरील ३.६ मीटर दुर्बिणीतून १९८० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे १२ वर्षे तारे तपासले. ताऱ्याचा प्रकाश हायड्रोजन फ्लोराइड या अत्यंत विषारी वायूच्या नळीतून नेऊन ते वेग मोजत आणि त्यांची अचूकता जवळजवळ 'एलोदी'इतकीच होती. त्यांना एकही गुरू सापडला नाही. हा निष्कर्ष १९९५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे फ्लॉरेन्सच्या घोषणेच्या अगदी तोंडावर प्रसिद्ध झाला. नभांगण म्हणतील की त्यांची अपेक्षा चुकली. मी म्हणतो की त्यांची यादी लहान होती. त्यांनी २१ तारे घेतले होते.

आज आपल्याला ठाऊक आहे की असे तप्त गुरू, म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारे महाकाय ग्रह, सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे फार तर एकाभोवती असतात. काही सर्वेक्षणांनुसार प्रमाण त्याच्याही निम्मे आहे. शंभरात एक धरले, तर २१ ताऱ्यांत एकही न सापडण्याची शक्यता ८१ टक्के येते. दोनशेत एक धरले, तर ती ९० टक्के होते. याउलट मायोर आणि केलो यांच्या यादीत १४२ तारे होते. तेवढ्या यादीत निदान एक तप्त गुरू असण्याची शक्यता पहिल्या हिशेबाने ७६ टक्के आणि दुसऱ्या हिशेबाने ५१ टक्के निघते. कॅनडाच्या गटाने वेध दररोज घेतले असते, तरी बहुधा हाती काही लागले नसते.

अनुराधा_क

गणितप्रेमीजी, हा हिशेब मी प्रथमच वाचला आणि तो मनापासून पटला. वॉकर आणि कॅम्बेल यांच्याविषयी नेहमी 'थोडक्यात हुकले' असे लिहिले जाते. त्यांच्या बारा वर्षांच्या कामाला हा न्याय आज मिळाला असे वाटते.

विदर्भवासी

चर्चेत व्यत्यय आणू इच्छित नाही, पण हा तारा पाहायचा असेल तर महाराष्ट्रासारखी जागा नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. ५१ पेगासीची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) उत्तर पावणेएकवीस अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे धुळे, जळगाव, अमरावती, नागपूर या पट्ट्यात तो जवळजवळ डोक्यावरून जातो आणि वातावरणाचा सर्वांत पातळ थर त्याच्या वाट्याला येतो. पूर्वाभाद्रपदा नक्षत्रातील दोन तारे आणि उत्तराभाद्रपदा नक्षत्रातील दोन तारे मिळून महाश्वाचा मोठा चौकोन होतो. पूर्वाभाद्रपदांच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या बाजूच्या साधारण मध्याशी, चौकोनाच्या किंचित बाहेर पश्चिमेला हा तारा आहे. त्याची प्रत (तेजाची श्रेणी; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ५.५ आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस अमावास्येच्या सुमारास, गावाबाहेरच्या गडद आकाशात तो नुसत्या डोळ्यांनी जाणवतो, आणि शहराच्या कडेला राहणाऱ्यांना द्विनेत्री पुरते. ग्रह अर्थातच दिसत नाही, पण ज्या ताऱ्यावरून हे सारे सुरू झाले तो प्रत्येकाने एकदा पाहावा, असे मला फार वाटते.

चंद्रकोर

मी बारावीत आहे. प्रश्न बाळबोध वाटला तरी विचारते. ताऱ्याच्या एवढ्या जवळ, हजार अंशांच्या तापमानात, वायूंनी बनलेला ग्रह उडून कसा जात नाही?

लीलावती

चंद्रकोर, प्रश्न उत्तम आहे आणि १९९५ मध्ये तो मोठमोठ्या अभ्यासकांनीही विचारला होता. अशा ग्रहाचे गुरुत्वाकर्षण फार प्रबळ असते. जवळचेच उदाहरण घेऊ. महाश्वातच एचडी २०९४५८ नावाचा दुसरा सूर्यासारखा तारा आहे आणि त्याचा ग्रह साडेतीन दिवसांत फेरी पूर्ण करतो. त्या ग्रहावरून सुटण्यासाठी सेकंदाला सुमारे ४३ किलोमीटर वेग लागतो, तर १३०० केल्व्हिन तापमानाला हायड्रोजनच्या अणूचा सरासरी वेग साधारण ६ किलोमीटर असतो. त्यामुळे बहुतांश वायू जागच्या जागी राहतो.

तरीही सगळा राहत नाही. वातावरणाचा सर्वांत वरचा थर अतिनील किरणांनी कितीतरी अधिक तापतो आणि तेथून हायड्रोजन निसटतो. आल्फ्रेड विदाल-मजार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून ही गळती पाहिली आणि २००३ मध्ये ती जाहीर केली. तिचे प्रमाण सेकंदाला दहा हजार टनांच्या घरात असल्याचा अंदाज होता. आकडा प्रचंड वाटतो, परंतु त्या वेगाने पाच अब्ज वर्षे गळती चालू राहिली तरी ग्रहाच्या वस्तुमानाचा हजारावा भागच कमी होईल. हा हिशेब स्वतः करून पाहा. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या ०.६९ पट धरा.

चंद्रकोर

करून पाहिला, ०.१ टक्क्याच्या जवळपास उत्तर आले. मनापासून आभार, लीलावतीताई. म्हणजे ग्रह टिकतो हे समजले. पण तो मुळात तिथे तयार तरी कसा झाला?

ध्रुवमत्स्य

बहुसंख्य अभ्यासकांच्या मते तो तिथे तयार झालाच नाही. महाकाय ग्रह बनण्यासाठी आधी पृथ्वीच्या दहापट वगैरे वस्तुमानाचा गाभा तयार व्हावा लागतो आणि मग तो भोवतालचा वायू ओढून घेतो. ताऱ्यापासून दूर, जिथे पाण्याचे बर्फ टिकते, तिथे घन द्रव्य मुबलक असते. ताऱ्यालगत ते पुरेसे नसते. नवजात ताऱ्याभोवतीची वायूची तबकडीही काही दशलक्ष वर्षांतच विरून जाते, त्यामुळे गाभा वेळेत तयार व्हावा लागतो.

याचा अर्थ ग्रह दूर जन्मला आणि आत आला. पीटर गोल्डराइक आणि स्कॉट ट्रेमेन यांनी १९८० च्या आसपासच दाखवले होते की ग्रह आणि तबकडी यांच्यातील गुरुत्वीय ओढाताणीमुळे ग्रहाची कक्षा बदलू शकते. ५१ पेगासी बी सापडल्यावर अभ्यासकांना हे गणित हाताशी तयार मिळाले. ग्रह तबकडीत खोबण पाडतो आणि तबकडीतील वायू जसजसा ताऱ्याकडे सरकतो, तसतसा ग्रहही त्याच्याबरोबर आत येतो.

अनुराधा_क

येथे मला ध्रुवमत्स्य यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. तबकडीतून शांतपणे सरकत आलेला ग्रह ताऱ्याच्या विषुववृत्ताच्या प्रतलातच फिरायला हवा. प्रत्यक्षात अनेक तप्त गुरूंच्या कक्षा कमालीच्या कललेल्या आहेत आणि वास्प-१७ बी सारखे काही तर ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतात. एचडी ८०६०६ बी हा ग्रह पाहा. त्याची कक्षा ०.९३ इतक्या विकेंद्रतेची, म्हणजे अतिशय लांबट आहे. १११ दिवसांच्या फेरीतला बहुतेक काळ तो ताऱ्यापासून दूर घालवतो आणि मग काही तासांसाठी ताऱ्याला जवळजवळ चाटून जातो. दुसऱ्या ग्रहाच्या धक्क्याने किंवा सोबतच्या ताऱ्याच्या दीर्घकालीन ओढीने कक्षा आधी लांबट होते आणि नंतर ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या बलामुळे ती हळूहळू लहान व गोल होत जाते, असा दुसरा मार्ग यातून सूचित होतो. एचडी ८०६०६ बी हा त्या वाटेवर आपल्याला मध्येच भेटलेला ग्रह आहे, असे मी मानते.

शिवाय तप्त गुरू बहुधा एकटे असतात. लांबट कक्षेतून आत येणारा महाकाय ग्रह वाटेतल्या लहान ग्रहांना उधळून लावील, हे या चित्राशी सुसंगत आहे.

ध्रुवमत्स्य

'बहुधा' हा शब्द आपण योग्य जागी वापरलात. वास्प-४७ या ताऱ्याचा तप्त गुरू ४.१६ दिवसांत फेरी पूर्ण करतो आणि २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या नोंदींतून असे निघाले की त्याच्या आतल्या बाजूला एक लहान ग्रह आणि बाहेरच्या बाजूला नेपच्यूनच्या आकाराचा एक ग्रह, असे दोन शेजारी त्याला आहेत. धक्के खात आलेल्या ग्रहाला असे शेजार लाभणार नाहीत. म्हणून दोन्ही मार्ग निसर्गात आहेत आणि वाद प्रमाणाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

अनुराधा_क

प्रमाणाचा वाद आहे, हे मान्य. माझा कौल लांबट कक्षेच्या मार्गाकडे कायम आहे.

वांगणीकर

लीलावती यांनी एचडी २०९४५८ चा उल्लेख केला आहे, त्यावर हौशी निरीक्षक म्हणून लिहितो. हा तारा ७.६ प्रतीचा असून त्याची क्रांती उत्तर १८.९ अंश आहे, म्हणजे मुंबई आणि पुण्यावरून तो जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. त्याच्या ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असल्यामुळे ग्रह प्रत्येक फेरीत ताऱ्याच्या बिंबासमोरून जातो आणि सुमारे तीन तास ताऱ्याचा दीड टक्का प्रकाश कमी होतो. असे अधिक्रमण प्रथम १९९९ च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिड शार्बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले आणि त्यासाठी त्यांनी वापरलेल्या दुर्बिणीचे भिंग अवघ्या दहा सेंटिमीटरचे होते. ही गोष्ट आम्हा हौशी मंडळींना नेहमी हुरूप देते.

आमच्या गटाने वांगणीजवळच्या माळावरून ही घट कॅमेऱ्यात पकडली आहे. करू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना देतो. प्रतिमा किंचित अस्पष्ट ठेवावी, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक बिंदूंवर पसरतो आणि कोणताही बिंदू ओसंडत नाही. त्याच चित्रात जवळपास तितक्याच तेजाचे दोन-तीन तारे घ्यावेत आणि सतत त्यांच्याशी तुलना करावी, कारण पातळ ढग किंवा धुरके दीड टक्क्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश खाते. अधिक्रमणापूर्वीचा आणि नंतरचा निदान एक-एक तास नोंदला नाही, तर घट कुठून मोजायची हेच ठरत नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकावर ताऱ्याची जागा सरकू देऊ नये. आमच्या नोंदींमधील बहुतेक खोटे चढउतार त्या सरकण्यातून आले होते.

दोन फेऱ्यांना मिळून ७ दिवस आणि १ तास ११ मिनिटे लागतात. त्यामुळे एक अधिक्रमण सोयीच्या वेळी मिळाले, की पुढच्या आठवड्यात त्याच वारी सव्वा तास उशिरा दुसरे मिळते. शनिवार-रविवारीच मोकळीक असलेल्यांनी त्यानुसार दिवाळीनंतरच्या रात्री आखाव्यात.

सह्यकडा

वांगणीकर, आपल्या गटाबरोबर यायला मला आवडेल. मग ५१ पेगासी बी हासुद्धा असाच ताऱ्यासमोरून जातो का?

लीलावती

नाही जात. इतक्या जवळच्या ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या दृष्टिरेषेत येण्याची शक्यता साधारण दहात एक असते. आपल्या गुरूसारख्या ग्रहासाठी ती हजारात एक होते. ५१ पेगासी बी उरलेल्या नऊजणांपैकी आहे. यामुळेच त्याच्या अस्तित्वावर वाद झाला. कक्षेचा कल ठाऊक नसेल तर डॉप्लर पद्धतीने, म्हणजे वर्णरेषांच्या सरकेवरून, केवळ किमान वस्तुमान कळते, आणि १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी वर्णरेषांच्या आकारात बदल दिसत असल्याचे सांगून ताराच स्पंदन पावत असावा, ग्रह नसावा, असे मत मांडले. अधिक अचूक नोंदी घेतल्यावर त्यांनीच १९९८ मध्ये आपला आक्षेप मागे घेतला. एचडी २०९४५८ च्या अधिक्रमणानंतर तर अशा ग्रहांविषयी शंका उरली नाही, कारण तिथे आकार आणि वस्तुमान दोन्ही मिळाले आणि घनता पाण्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास निघाली. तो ग्रह वायूचाच असणार, हे त्यामुळे ठरले. मात्र तो इतका फुगलेला का आहे, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अजून मिळालेले नाही.

किमान वस्तुमानाचा धोका किती खरा आहे याचे उदाहरण एचडी ११४७६२ हे आहे. डेव्हिड लॅथम यांच्या गटाने १९८९ मध्ये त्या ताऱ्याभोवती गुरूच्या किमान ११ पट वस्तुमानाचा सोबती शोधला होता. तो बहुधा तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या मधला पदार्थ) असावा, कदाचित महाकाय ग्रहही असेल, एवढेच त्यांनी म्हटले, आणि पुढे ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या युरोपच्या गाइया उपग्रहाच्या मापनांवरून तो सोबती प्रत्यक्षात एक लहान तारा असून आपण त्याची कक्षा जवळजवळ वरून पाहत आहोत, हे स्पष्ट झाले. त्यांचा संयम योग्यच होता.

सह्यकडा

संयमाचा विषय निघालाच आहे, तर भारतातील एक जुना प्रसंग येथे नोंदवतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेतील कॅप्टन विल्यम जेकब यांनी १८५५ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील ७० ऑफियुची या जोडताऱ्याच्या कक्षेतील अनियमिततेवरून तिथे ग्रहासारखा पदार्थ असावा, असे प्रसिद्ध केले होते. पुढे १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी त्याच ताऱ्याविषयी नंतर सुचवली गेलेली तशी रचना टिकूच शकणार नाही, असे गणिताने दाखवले. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा पीटर व्हान द काम्प यांचा विसाव्या शतकातील दावाही असाच निकालात निघाला.

माझ्या मते नभांगण यांच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे दडलेले आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ जाहीर झालेले ग्रह एकामागून एक खोटे ठरत गेले, त्यामुळे या विषयात काम करणे म्हणजे स्वतःची पत धोक्यात घालणे झाले होते. अशा वातावरणात चार दिवसांत फिरणारा गुरू शोधण्यासाठी दुर्बिणीचा वेळ कोण मागणार आणि मागितला तर देणार कोण?

मावळतीचा_वारा

मद्रासचा उल्लेख झाला म्हणून आजच्या भारतातील कामाविषयी लिहितो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने अबू पर्वतावर गुरुशिखर येथे 'पारस' नावाचा वर्णपटमापक बसवला आहे. त्यातून २०२१ मध्ये टीओआय-१७८९ बी हा गुरूच्या ०.७ पट वस्तुमानाचा पण १.४ पट त्रिज्येचा, ३.२ दिवसांत फेरी पूर्ण करणारा फुगीर ग्रह सापडला, आणि २०२३ मध्ये गुरूच्या जवळपास १३ पट वस्तुमानाचा टीओआय-४६०३ बी. तिथे आता २.५ मीटरची दुर्बीण आणि 'पारस-२' हे अधिक अचूक उपकरणही कार्यरत आहे. थोरियम दिव्याची जी युक्ती लीलावती यांनी समजावली, तीच 'पारस'च्याही पायाशी आहे.

आणखी एक सुखद माहिती. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा सूर्यासारखा तारा आणि त्याचा दोन दिवसांत फिरणारा महाकाय ग्रह यांचे नामकरण आले. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ 'बिभा' हे नाव मिळाले, आणि ग्रहाचे 'सांतमस' हे नाव पुण्यातील एका शाळकरी मुलाने सुचवलेले आहे.

चंद्रकोर

पुण्यातल्या मुलाने! हे शाळेत कोणीच सांगितले नव्हते. उद्याच मैत्रिणींना सांगते.

नभांगण

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. गणितप्रेमी यांचा २१ आणि १४२ ताऱ्यांचा हिशेब आणि सह्यकडा यांचा बदनामीचा मुद्दा, दोन्ही माझ्या मांडणीत नव्हते आणि त्यांनी चित्र भरून निघाले. तरी माझ्या मूळ मुद्द्याचा एक भाग मी सोडणार नाही. जेफ मार्सी आणि पॉल बटलर हे अमेरिकेतील लिक वेधशाळेतून १९८७ पासून तारे तपासत होते. फ्लॉरेन्सच्या घोषणेनंतर आठवड्याभरातच त्यांनी ५१ पेगासीचे वेध घेऊन निष्कर्षाला दुजोरा दिला, आणि १९९६ च्या जानेवारीत ७० व्हर्जिनिस आणि ४७ उर्सी मेजोरिस या ताऱ्यांचे दोन महाकाय ग्रह जाहीर केले. त्या दोन ग्रहांच्या नोंदी आधीपासून त्यांच्याकडे साठलेल्या होत्या. गुरूला बारा वर्षे लागणार असे गृहीत धरले, की नोंदी आजच तपासण्याची निकड राहत नाही. अपेक्षेचा परिणाम मी म्हणतो तो हाच.

लीलावती

या मुद्द्यावर मी आपल्या बरीच जवळ येते, मात्र कारण थोडे वेगळे लावते. मार्सी आणि बटलर यांच्या पद्धतीत ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेतून जात असे आणि त्यातून वेग काढण्यासाठी त्या काळच्या संगणकांवर प्रचंड वेळ लागत असे. 'एलोदी'ची रचनाच अशी होती की वेध संपल्यावर काही मिनिटांत वेगाचा आकडा पडद्यावर येई. मायोर त्या काळात हवाई येथे होते आणि दुर्बिणीपाशी केलो होते. ५१ पेगासीचा वेग एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीत बदलतो आहे, हे त्यांना वेध चालू असतानाच दिसले. त्यामुळे पुढच्या रात्री कोणता तारा पाहायचा हा निर्णय त्यांना तिथल्या तिथे घेता आला. त्यांनी उपकरणावरच संशय घेतला, तारा सूर्याआड गेला तेव्हा थांबले, आणि १९९५ च्या जुलैमध्ये तो पुन्हा उगवल्यावर वेग आपण वर्तवल्याप्रमाणेच येतो का हे तपासले. चार दिवसांच्या ग्रहाची अपेक्षा त्यांनाही नव्हती. उत्तर लगेच हाती येत असेल, तर अपेक्षा नसलेली गोष्टही निरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. मला यात निर्णायक वाटतो तो उत्तर हाती येण्याचा हा वेग.

गणितप्रेमी

लीलावती यांचा मुद्दा मला सर्वांत बिनतोड वाटतो, कारण तो तपासता येतो: पद्धत बदलली, निर्णयाचा क्रम बदलला आणि शोध लागला.

एक गोष्ट मात्र जोडतो. १९९५ नंतर पारडे उलट दिशेने झुकले. जवळचे महाकाय ग्रह पटापट सापडत गेल्यामुळे काही वर्षे असे वाटू लागले की सृष्टीत तप्त गुरूच भरले आहेत आणि आपली सूर्यमाला अपवाद आहे. खऱ्या अर्थाने आपल्या गुरूसारख्या ग्रहासाठी बारा वर्षांची एक फेरी बारा वर्षेच पाहावी लागते, त्याला पर्याय नाही. अनेक दशके चाललेल्या सर्वेक्षणांतून आता दिसते की सूर्यासारख्या साधारण दहा ताऱ्यांपैकी एकाभोवती दूरच्या कक्षेतील महाकाय ग्रह असतो. म्हणजे वॉकर आणि कॅम्बेल ज्या ग्रहांच्या शोधात होते, ते तप्त गुरूंच्या दहापट किंवा त्याहून अधिक संख्येने आहेत. गाइया उपग्रहाच्या मापनांचा पुढचा मोठा संच डिसेंबर २०२६ मध्ये प्रसिद्ध करण्याचे नियोजन आहे. ताऱ्यांच्या जागेतील सूक्ष्म डगमगीवरून ग्रह शोधण्याची ती पद्धत असल्यामुळे दूरच्या महाकाय ग्रहांची मोठी भर त्यातून पडेल अशी अपेक्षा आहे, आणि त्यांची खरी वस्तुमानेही कळतील.

चंद्रकोर

गाइयाची ही मापने आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना पाहायला मिळतात का?

गणितप्रेमी

मिळतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या संकेतस्थळावर ती सर्वांसाठी विनामूल्य खुली असतात. आतापर्यंतचे संचही तिथेच आहेत, त्यामुळे डिसेंबरची वाट पाहण्याची गरज नाही. प्रथम ५१ पेगासीचा पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत दिसणारा सूक्ष्म फरक) शोधून त्यावरून ताऱ्याचे अंतर स्वतः काढून पाहा. अडले तर याच धाग्यावर विचारा.